बिनसाखरेचा चहा

ताथवड्याच्या महाविद्यालयातल्या मानसशास्त्र विभागात मी पहिल्यांदा गेले तो शनिवार होता. चाकणच्या कंपनीतून अर्धा दिवस भरून थेट आले होते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. ‘मानसशास्त्रीय संशोधन पद्धती’ या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. टेबलापलीकडे डॉ. निर्मला घारे बसल्या होत्या. सुती साडी, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ आणि समोर चहाचे दोन कप. एक कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी दोन घोट घेतल्यावर त्यांनी विचारलं, “कसा झालाय चहा?”

“छान आहे, मॅडम.”

“साखर नाहीये त्यात. तुम्हाला बिनसाखरेचा आवडतो का?”

मला बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा लागतो. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तसं सांगितलं.

“मग छान का म्हणालात?”

“तुम्ही दिलात म्हणून.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “लोक ‘छान’ का म्हणतात आणि त्यांना खरं बोलता येईल असं कसं विचारायचं, एवढंच आपल्याला दोन वर्षं शिकायचंय. बाकी सगळी आकडेमोड आहे, ती संगणकही करतो.” आणि त्यांनी खणातून साखरेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली.

पुढे कळलं की हा चहा प्रत्येकाला मिळतो. आमच्या विभागाची ती अलिखित रीतच आहे. जुने विद्यार्थी नव्यांना याबद्दल चकार शब्द सांगत नाहीत, आणि एवढ्या वर्षांत चहात साखर नाही असं तोंडावर सांगणारा एकच विद्यार्थी निघाला म्हणतात. तो पुढे शिकायलाच आला नाही. त्याला सगळं आधीच येत असावं, असा आमचा तर्क आहे.

मॅडमना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्या निवृत्तही होत आहेत. त्यानिमित्त हा गौरवग्रंथ काढायचा असं आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं आणि त्यांची परवानगी मागायला गेलो. लेखकांची नावं त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, “हा नमुना पक्षपाती आहे. ज्यांची माझ्याबद्दल तक्रार आहे त्यातला एकही नाही यात.” मग त्यांनी अट घातली, की प्रत्येक लेखकाने स्वतः पाहिलेलंच लिहायचं, आणि मॅडमची निदान एक चूक किंवा एक खोड लिहायचीच. तेव्हा वाचकहो, पुढच्या मजकुरात कुठे कडवट घोट लागला तर तो मॅडमच्या हुकमावरून घातला आहे असं समजावं.

खोडीपासूनच सुरुवात करते. मॅडमना नावं लक्षात राहत नाहीत. माझ्या यजमानांचं नाव सुहास, पण मॅडम त्यांना पहिल्या भेटीपासून सुनील म्हणतात. आम्ही दोनदा सुधारून पाहिलं, मग ह्यांनीच सांगितलं, “असू दे, मी देतो ओ.” आता तर मॅडमचा फोन आला की हे ‘सुनील बोलतोय’ म्हणूनच सुरुवात करतात. दुसरी खोड कौतुकाची. मॅडमच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी शिकत असताना कधीही ऐकला नाही. लेखन फारच जमलं असेल तर त्या समासात बारीकशी टिंबं देत. आम्ही ती टिंबं एकमेकांना दाखवत हिंडायचो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील बीड जिल्ह्यातून कामासाठी पिंपरीला आले. संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत आम्ही वाढलो. वडील तिन्ही पाळ्यांत काम करत, त्यामुळे घरात कुणीतरी कायम झोपलेलं असायचं आणि आम्ही कायम कुजबुजत असायचो. पाळी बदलली की माणसाच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न मला तिथूनच चिकटला. लग्न होऊन मी रावेतला आले, एका जुन्या शेतकरी घरात. शेती आता नावापुरती आहे, सासरे गाळ्यांचं भाडं बघतात, यजमान नोकरी करतात. मी चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात. मुलगी चार वर्षांची असताना मला पुन्हा शिकावंसं वाटलं. शनिवार-रविवारी वर्ग, म्हणजे मुलगी आणि स्वयंपाक दोन्ही सासूबाईंवर. त्यांनी होकार दिला, पण मुदत घालून: “दोन वर्सं. त्याच्याफुडं मला जमायचं न्हाई.”

आमच्या वर्गात निम्मे लोक नोकरी करणारे होते. दत्ता नावाचा एक सहाध्यायी शुक्रवारची रात्रपाळी संपवून परस्पर शनिवारच्या पहिल्या तासाला यायचा आणि पहिल्या बाकावर बसून पेंगायचा. दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाने त्याला उठवलं असतं. मॅडमनी त्याला आपल्या खोलीतला लाकडी बाक दाखवला, खिडकीचा पडदा ओढला आणि सांगितलं, “पहिला तास झोपा. तो तास मी तुम्हाला जेवणाच्या सुट्टीत परत देईन.” आणि वर्षभर दिला. दत्ता आपला डबा उघडायचा, मॅडम आपला उघडायच्या आणि पोळीचा घास घेता घेता त्या संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन शिकवायच्या. आम्हीही हळूहळू डबे घेऊन तिथे जमू लागलो, कारण तोच तास दुसऱ्यांदा जास्त चांगला व्हायचा. पहिल्या खेपेला काय चुकलं ते मॅडमच्या तोवर लक्षात आलेलं असायचं.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध. मी विषय घेतला पाळीतला बदल आणि मनाचा थकवा. प्रश्नावली तयार केली, मॅडमनी ती तीनदा परत पाठवली, चौथ्यांदा टिंबं दिली. आमच्या कंपनीच्या बसने पिंपरीहून चाकणला येणाऱ्या कामगारांना मी ती वाटली. नाव लिहायचं नाही, खूण करायची नाही, मनात येईल ते उत्तर द्यायचं, हे दहादा बजावलं. बसमध्ये संतोषभाऊ म्हणून एक जुने कामगार होते, सगळे त्यांचं ऐकत. गोळा करून आणायची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गठ्ठा आणून दिला. मी खूश. घरी जाऊन उघडून बघते तर पहिल्या कागदावर जी उत्तरं तीच दुसऱ्यावर, तीच तिसऱ्यावर. अख्ख्या बसला सारखाच थकवा, सारखीच झोप आणि सारखीच चिडचिड.

सकाळी मी संतोषभाऊंना गाठलं. त्यांना अपराधी वगैरे काही वाटत नव्हतं. उलट काम फत्ते केल्याचा आनंद होता.

“मोशीच्या पुढं गाडी अडकली होती की, मॅडम,” ते म्हणाले. “तासभर काय करायचं? मी एकेक सवाल मोठ्यानं वाचला. हातं वर करायला लावली. ज्याला जास्त हातं, ते लिवलं सगळ्यांनी.”

“अहो पण प्रत्येकाचं वेगळं हवं होतं मला.”

“नाव नाही म्हणता, पण अक्षर तर असतंय ना राव. एकाचं येगळं निघालं आन् साहेबाच्या डोळ्यावर आलं तर? आमी एकाबी माणसाला एकटं पडू दिलं नाही बगा.”

मला रडावं की हसावं कळेना. माणसं इतकी एकमेकांना धरून होती की माझा अभ्यासच बुडाला होता. लघुप्रबंध द्यायला जेमतेम वेळ उरला होता आणि सासूबाईंची दोन वर्षंही संपत आली होती. पुन्हा सगळं गोळा करायचं म्हणजे आणखी एक सत्र, आणखी सहा महिने. ते घरी मागायची माझी छाती नव्हती. वर्गातल्या एकाने सुचवलं, आकडे इकडेतिकडे थोडे हलव, कोण बघतंय. दुसरीने जरा बरं सुचवलं. हीच गोष्ट निष्कर्ष म्हणून लिही, ‘कामगारांतील सामूहिक उत्तरप्रवृत्ती’, नाव भारदस्त आहे. तेवढी आशा धरून मी मॅडमकडे गेले.

मॅडमनी एकेक कागद शांतपणे पाहिला. मग म्हणाल्या, “ही उत्तरं नाहीत. हा ठराव आहे.”

मी माझं भारदस्त नाव पुढे केलं. त्यांनी मान हलवली. “विषय चांगला आहे, पण तो तुमचा प्रश्न नव्हता. उत्तर हातात आल्यावर प्रश्न लिहायचा म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची. सगळे गुण जुळतात मग.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “परत करावं लागेल.”

मी घरची परिस्थिती सांगितली. मला वाटलं होतं त्या सासूबाईंशी बोलते म्हणतील. त्या म्हणाल्या, “रदबदली करायला मी येणार नाही. तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. पण नवी प्रश्नावली आधी कुणावर तरी करून बघायला हवी. घरकामालाही पाळ्या असतातच. रविवारी मी येते, तुमच्या सासूबाईंना विचारून बघू.”

रविवारी मॅडम बसने रावेतला आल्या. आमच्याकडे प्राध्यापक येणार म्हणून सासऱ्यांनी पांढरी टोपी घातली, वेगळ्या राहणाऱ्या जाऊबाईंनी येऊन पोहे केले, शेजारच्या दोघीजणी सहज म्हणून येऊन बसल्या. बैठकीच्या खोलीत भर सभेत मॅडमनी सासूबाईंना प्रश्न विचारले. पुरेसा आराम मिळतो का? “मिळतो की.” सकाळी उठल्यावर उत्साह वाटतो का? “व्हय, वाटतो.” मनासारखं वागायला वेळ मिळतो का? सासूबाईंनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. “काय कमी हाय आमाला? समदं ब्येस हाय.” सासऱ्यांची मान समाधानाने डोलली. मॅडमनी आभार मानले, पोहे खाल्ले, ह्यांना ‘सुनीलराव’ म्हणून निरोप घेतला.

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. थांब्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, “आज मी घोडचूक केली. नवऱ्यासमोर, सुनेसमोर, शेजारणींसमोर त्या बाईंना विचारलं की तुम्ही सुखी आहात का. दुसरं काय सांगतील त्या? तुमच्या बसमध्ये निदान हात तरी वर झाले होते.” आयुष्यभर जे शिकवलं तेच आपल्या हातून चुकावं याचा त्यांना खरोखर त्रास झाला होता. मला त्यांचं नवल वाटलं. वर्गातल्या चुकीबद्दल माफी मागणारे शिक्षक मी पाहिले होते. एका गृहिणीला चुकीच्या जागी प्रश्न विचारला म्हणून बसथांब्यावर कासावीस झालेल्या प्राध्यापक मी पहिल्यांदाच पाहत होते. मॅडमच्या अटीप्रमाणे ही त्यांची चूक इथे नोंदवते आहे. माझ्या माहितीत एवढीच आहे.

त्याच आठवड्यात, मी कंपनीत असताना, मॅडम पुन्हा आमच्या घरी गेल्या. हे मला संध्याकाळी सासऱ्यांकडून कळलं. ते ओट्यावर जरा रुसून बसले होते. “तुझी बाई आलती. दोघींनी सैपाकघराचं दार लावून घेतलं. मला म्हनल्या, तुमी जरा चौकापर्यंत जाऊन या. मी दोनदा जाऊन आलो, तरी दार उघडंना.”

आत सासूबाई भाकरी थापत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या, परातीतली नजर न उचलता.

“तुला आनखी सा म्हयनं लागनार म्हनं.”

मी म्हटलं, “मॅडमनी सांगितलं का?”

“त्या कशाला सांगत्यात? मीच इचारलं, सून अशी वाळत का चाललीया म्हनून. त्यांनी नीट उत्तर दिलं.” भाकरी तव्यावर पडली. “लागूंदे सा म्हयनं. पर आयतवारचा सैपाक सुहास करंल, आन् पोरीला तुजा सासरा संबाळंल. मी माज्या भनीकडं जानार, वडगावला. दर आयतवारी.”

ओट्यावरून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

मी मॅडमना विचारलं, तुम्ही नेमकं काय बोललात? त्या म्हणाल्या, “त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. बाकी मी फक्त विचारलं आणि ऐकलं.” मग सासूबाई काय म्हणाल्या? “गोपनीयतेची हमी दिलीय मी त्यांना.” एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे संख्याशास्त्राचं पुस्तक उघडलं.

पुढच्या सहा महिन्यांत आमच्या घरात बरंच शिक्षण झालं. यजमानांना खिचडी, मग पिठलं, आणि शेवटी चक्क गोल पोळी जमली. सासऱ्यांना नातीची वेणी घालता येऊ लागली, वाकडी का होईना. सासूबाई रविवारी सकाळी नवं लुगडं नेसून लोकलने वडगावला जायच्या आणि संध्याकाळी तिथल्या हकिकती घेऊन परतायच्या. त्यांना इतकं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मात्र रविवारी घरोघर हिंडत होते. या खेपेला कंपनी नाही, बस नाही. प्रत्येक कामगाराला त्याच्या घरी, एकट्याला गाठायचं, कोरा लिफाफा द्यायचा, आपण पाठ करून बसायचं आणि भरलेला लिफाफा त्यानेच बंद पेटीत टाकायचा, ही पद्धत मॅडमनी बसवून दिली. अक्षराची भीती म्हणून लिहायचं काही ठेवलंच नाही, फक्त गोल रंगवायचे. संतोषभाऊंनी बसमध्ये जाहीर केलं, “ह्या टायमाला ज्याचं त्यानं. शेजाऱ्याचं बगायचं नाही, पोरांच्या परीक्षेवानी.” पहिल्या काही रविवारी मॅडम स्वतः माझ्याबरोबर चिखलीच्या, कुदळवाडीच्या गल्ल्यांतून फिरल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी तीन मजले चढायच्या. वर पोचल्यावर दारातच सांगायच्या, “नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, आम्हाला राग येत नाही.” नाही म्हणणाऱ्यालाही त्या तितक्याच मनापासून धन्यवाद देत.

आमच्या कंपनीतल्या एका साहेबांना याचा सुगावा लागला. त्यांनी मला बोलावून विचारलं, कोणत्या पाळीतले लोक जास्त कुरकुर करतात, जरा नावं द्या. मी गडबडले, मॅडमचं नाव पुढे केलं. साहेबांनी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. मॅडम काय म्हणाल्या ते मला त्यांच्याच तोंडून नंतर कळलं: “साहेब, मलाही माहीत नाही. आणि मला कळावं अशी सोयच आम्ही ठेवलेली नाही. निष्कर्ष हवे असतील तर चहाला या.” साहेब आले. त्यांनी बिनसाखरेचा चहा ‘छान’ म्हणून संपवला.

माझ्या अभ्यासातून जगावेगळं काही निघालं नाही. मला वाटलं होतं रात्रपाळीची माणसं सगळ्यात जास्त थकलेली असतील. तसं दिसलं नाही. माझ्याच वडिलांच्या झोपेवरून मी सगळ्यांची झोप ओळखायला निघाले होते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी जरा हिणवून विचारलं, “म्हणजे तुमचं गृहीतक चुकलं?” मी म्हणाले, “हो, चुकलं.” हे वाक्य इतक्या सहज माझ्या तोंडून निघालं की मलाच बरं वाटलं. कोपऱ्यात बसलेल्या मॅडम वहीत काहीतरी करत होत्या. बाहेर आल्यावर मी हळूच डोकावले. टिंबं होती.

आज मी कंपनीत तेच काम करते, पण वेगळ्या तऱ्हेने. कामगाराला काही विचारायचं तर आधी दार लावते, आधी सांगते की नाही म्हटलं तरी चालेल. मॅडमचे विद्यार्थी या भागात जिथे जिथे आहेत, शाळांत, दवाखान्यांत, कारखान्यांत, तिथे तिथे हे होत असणार. मॅडमनी सक्त ताकीद दिल्यामुळे ‘असणार’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. ते मी पाहिलेलं नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी सासूबाईंना पुन्हा एकदा विचारलं, “आई, आता तरी सांगा. त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही मॅडमना काय सांगितलंत?”

त्या शेंगा सोलत होत्या. “ते ऱ्हाऊ दे. तू काय लिवतीया ते वाच.”

मी त्यांना सगळा लेख वाचून दाखवला. बसचं ऐकून त्या खूप हसल्या, सासऱ्यांचं ऐकून त्याहून जास्त. लेख संपल्यावर म्हणाल्या, “एवढ्या जनांनी एवढं लिवलं. त्या बाईनं जल्मभर समद्यास्नी इचारलं. त्यास्नी कुनी इचारलं का, तुमी सुखात हाय का म्हनून?”

मी तरी कधी विचारलं नव्हतं. ग्रंथाच्या संपादकांना विचारलं, दत्ताला विचारलं, कुणीच विचारलेलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हाताखाली प्रश्न विचारायला शिकलो आणि हा एक प्रश्न कुणालाही सुचला नाही.

म्हणून मॅडम, माझ्या शुभेच्छा थोडक्यात सांगते, कारण खरा निरोप सासूबाईंचा आहे. तुमचे गुडघे तुम्हाला अजून पुष्कळ जिने चढवोत, डोळे बारीक अक्षर वाचत राहोत, आणि शंभरीच्या गौरवग्रंथालाही तुम्ही आम्हाला अशीच जाचक अट घाला. आणि सासूबाई म्हणतात, एका दुपारी रावेतला या. साखर किती घालायची ते आधी विचारतील. सुनीलराव, मुलगी आणि मी बाहेर जाऊ, सासरे लागतील तितक्या फेऱ्या चौकापर्यंत मारतील. स्वयंपाकघराचं दार त्या लावून घेतील. तुम्ही काय सांगाल ते आम्हाला कधीही कळणार नाही, याची हमी त्यांनी दिली आहे.